धारेची साडी

माझ्या वडलांनी आयुष्यात पहिल्यांदा धुणं धुतलं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. त्या एका धुण्यानं आमच्या घरात जो घोळ झाला, तेवढा त्या सालच्या दुष्काळानंसुद्धा केला नव्हता.

वडलांना आम्ही दादा म्हणतो आणि आईला माय. मी आता बिडकीनकडच्या एका कंपनीत नोकरी करते आणि शहरात, उस्मानपुऱ्यात, भाड्याच्या घरात राहते. घरात कपडे धुवायचं मशीन आहे. दादा आले की त्याच्यासमोर स्टूल टाकून बसतात आणि काचेतून कपडे गरगर फिरताना बघत राहतात. मी विचारते, "काय दादा, साडीबिडी नाय ना टाकली आत?" ते म्हणतात, "तू गप बस," आणि मिशीत हसतात. इतकी वर्षं झाली, पण हा विषय आमच्या घरात अजून शिळा झालेला नाही.

आमचं गाव सिल्लोड रोडला, फाट्यावर उतरून आत. त्या साली पाऊस तोंड दाखवून गेला तो परत फिरकलाच नाही. कपाशीच्या काड्या झाल्या, मक्यानं कणीस धरलं नाही, आणि विहिरीत बादली सोडली की ती तळाच्या दगडावर आपटल्याचा आवाज यायचा. गावातली बरीच घरं कुलूप लावून ऊसतोडीला गेली. दादांना तळ्यातला गाळ काढायचं काम मिळायचं, पण ते आज असलं तर उद्या नसायचं. पक्कं काम मिळालं ते मायला. उस्मानपुऱ्यात कॉलेजच्या पोरांची एक मेस होती, तिथं पोळ्या लाटायला बाई पाहिजे होती, राहायचं-खायचं तिथंच. परीक्षा संपून पोरं घरी गेली की मेस बंद होणार आणि माय परत येणार, असं ठरलं.

दादांना हे आवडलं नव्हतं. मायनं काम करण्याला त्यांची ना नव्हती, शेतात ती त्यांच्यापेक्षा जास्तच राबायची. पण बायको शहरात परक्यांच्या पोळ्या लाटणार आणि आपण इथं चूल फुंकणार, हे काही त्यांच्या गळी उतरेना. नुसते दाढी न करता फिरत राहिले.

जायच्या दिवशी सकाळी चहा पिताना मायनं एकच अट घातली. "मी चालले. पण माझी म्हैस विकायची नाय."

म्हैस खरंच तिची होती. पारडू असताना ती मायच्या माहेरून आली होती. पुढं आजी-आजोबा गेले, मामानं शेत विकून बिऱ्हाड पुण्याकडं हलवलं, आणि मायला माहेर म्हणून जे काय उरलं होतं ते आमच्या गोठ्यात रवंथ करत उभं असायचं. तिचा तोरा असा की आम्ही तिला पाटलीण म्हणायचो.

दादा म्हणाले, "दूध देती तवर ठिवू. आटली तर कडबा कुठून आणायचा? आधीच दलाल येऊन येऊन दारात उभा राहतोय."

"दूध देती तवर. कबूल?"

"कबूल."

"मग माझी पोर तिला आटू देणार नाय," असं म्हणून मायनं माझ्याकडं बघितलं. झालं. मला कुणी विचारलं नाही का सांगितलं नाही, आणि पाटलीण माझ्या गळ्यात पडली.

अडचण अशी होती की तिचं रेडकू थंडीत मेलं होतं, आणि तेव्हापासून मायशिवाय ती कुणालाच पान्हा सोडायची नाही. दुसऱ्याचा हात सडाला लागला की दूध वर चोरून धरायची, लाथ मारायची ती वेगळी. यावर आमच्याकडं एक जुना इलाज आहे. रोज जी बाई धार काढते तिची वापरातली साडी दुसऱ्यानं गुंडाळायची. वास ओळखीचा आला की म्हैस पान्हा सोडते. मायनं जायच्या आधी तिची एक हिरवी, विटलेली साडी कितीतरी दिवस अंगावरून उतरवलीच नाही. त्याच साडीत धार, त्यातच भाकरी, त्यातच झोप. मग ती मला शाळेच्या ड्रेसवरून गुंडाळली आणि मला शेजारी बसवून माझ्या हातानं धार काढायला लावली.

"ही धारेची साडी," ती म्हणाली. "गोठ्यातच टांगायची. काय बी झालं तरी हिला पाणी लागू द्यायचं नाय. वास गेला की म्हैस गेली." मी मान हलवली. माझी धाकटी बहीण तेव्हा नऊ वर्षांची होती, तिनंही मान हलवली. दादांना मात्र कुणी सांगितलं नाही. सांगायचं कशाला? दादा कधी साबणाला हात लावतील हे मायच्याच काय, गावातल्या कुणाच्याच स्वप्नात आलं नसतं.

माय गेली आणि घर आमच्यावर आलं. खरं सांगते, आम्हाला लई मजा आली. लोकांना वाटतं दुष्काळात पोरं नुसती रडत बसतात. रडायला वेळ कुणाला होता? टँकर आला की सगळं गाव हंडे घेऊन पळायचं. धाकटी एवढीशी, ती बायांच्या पायांमधून शिरून पाइपापाशी पोचायची आणि तिथून माझ्या नावानं कोकलायची. आणलेलं पाणी आमच्याकडं एकदा वापरून संपायचं नाही. बाजेखाली घमेलं ठेवायचं, बाजेवर बसून अंघोळ करायची, आणि खाली साठलेलं पाणी पाटलिणीच्या पाठीवर ओतायचं, कारण म्हशीला ऊन सोसत नाही. दादा म्हणायचे, "या घरात सगळ्यात जास्त अंघोळी म्हशीच्या होत्यात." भांडी राखेनं घासून कोरडीच पुसायची. डाळ-तांदळाचं धुवण पाटलिणीच्या घमेल्यात जायचं.

दादांची पहिली भाकरी परातीत गोल होती, तव्यावर जाईपर्यंत तिचा नकाशा झाला. कडा कच्च्या आणि मध्ये काळी. धाकटी म्हणाली, "दादा, ही पाटलिणीला देऊ का?" आणि खरंच नेऊन दिली. पाटलिणीनं हुंगली आणि तोंड फिरवलं. दादांना ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून ते पिठावर असे तुटून पडले की काय सांगू, आणि हळूहळू त्यांच्या भाकरी फुगायला लागल्या. पहिली टम्म फुगली तेव्हा त्यांनी शेजारच्या काकूंना हाक मारून बोलावून दाखवली. काकू "छान हाय" म्हणाल्या आणि घरी जाऊन हसल्या, ते आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू आलं.

दुकानातून मीठ, चहापत्ती आणि काडेपेटी एवढंच यायचं. बाकी जे मोडेल ते आमचं आम्हीच जोडायचं. चपलेचा अंगठा तुटला की तार, बादलीला भोक पडलं की डांबर. खताच्या रिकाम्या गोण्या उसवून दादांनी म्हशीचं दावं वळलं, आणि उरलेल्या धाग्यांनी मी दप्तर शिवलं. गवऱ्या थापणं धाकटीकडं होतं. प्रत्येक गवरीवर तिच्या हाताची बोटं उमटलेली असायची, आणि चुलीत घालताना ती म्हणायची, "घाला, घाला, माझा हात जाळा." बंद घरांच्या मागं वाळलेला पाला, माळावरचं गवत, जे दिसेल ते मी पाटलिणीसाठी ओढून आणायचे.

सकाळ-संध्याकाळ साडी गुंडाळून मी गोठ्यात जायचे. पाटलीण माझा खांदा हुंगायची, मग एकदा तोंडाकडं बघायची. मला तर वाटतं तिला सगळं कळत होतं, पण साडीचा मान राखून ती पान्हा सोडायची. चरवी भरायची. दूध डेअरीवर जायचं, त्यावर तिची पेंड आणि आमचा किराणा भागायचा. दलाल मोटारसायकलवर यायचा, कासेकडं बघायचा आणि विचारायचा, "अजून देती का?" मी म्हणायचे, "देती. तुम्ही उगा पेट्रोल जाळू नका." दादा मला दटावायचे, पण दटावल्यासारखं करून.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. आणि एक दिवस मी शाळेतून आले, तर लिंबापासून गोठ्यापर्यंत दोरी बांधलेली.

दोरीवर आमचे शाळेचे ड्रेस, दादांचे सदरे, उशांचे अभ्रे, दोन गोधड्या. त्या दिवशी टँकर जास्तीची खेप टाकून गेला होता आणि गाळाचं काम बंद होतं, म्हणून दादांनी हे आरंभलं होतं. ते दोरीशेजारी उभे होते, हाताची कातडी पाण्यानं सुरकुतलेली, तोंडावर असा आनंद की जणू विहिरीला पाणी लागलं. "बघ," म्हणाले, "मायला सांग फोनवर. एक डाग ठिवला नाय."

आणि दोरीच्या पार शेवटी ती हिरवी साडी.

मी दप्तर तिथंच टाकलं. "ती कुठून आणली?"

"गोठ्यात लोंबत होती. लई घाण वास मारत होती गं. दोनदा साबण लावला तवा कुठं गेला."

मग मी जे तोंड सोडलं ते चार घरांपलीकडं ऐकू गेलं असेल. तुम्ही मुद्दाम केलं, तुम्हाला म्हैस विकायचीच होती, दलालाशी तुमचं आधीच ठरलंय, माय आली की तिला तुम्हीच सांगा. दादांना आधी काही उमगेचना. धाकटीनं त्यांना साडीचं सगळं समजावून सांगितलं तेव्हा ते ओट्यावर मटकन बसले. "मला कुणी बोललं का?" एवढंच म्हणाले. त्यांचं खरं होतं, पण मी रागीट आहे, तेव्हाही होते, आणि खरं-खोटं बघण्याच्या मनःस्थितीत नव्हते. त्या संध्याकाळी मी त्यांच्या हातची भाकरी खाल्ली नाही. म्हणजे त्यांच्यासमोर खाल्ली नाही.

त्याच संध्याकाळी मी धुतलेली साडी गुंडाळून गोठ्यात गेले. पाटलिणीनं हुंगली, साबणाच्या वासानं शिंकली आणि सरकून उभी राहिली. मी चुचकारलं, कास चोळली, पेंड पुढं केली. चरवीचा तळसुद्धा झाकला नाही. सकाळी तेच, वरून लाथ. काकू येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "असंच चाललं तर आटलीच समज." मायच्या पेटीतली दुसरी साडी काढून बघितली, तिला डांबराच्या गोळ्यांचा वास. गावातला एक जण म्हणाला, पान्ह्याची सुई टोचा, लगेच सोडते. दादा म्हणाले, "तिला सुई टोचली तर पोरींची माय मला टोचंल." एरवी मी हसले असते.

आणि दलालाला कुठून वास लागतो देव जाणे, तो त्याच दिवशी हजर. त्यानं कास बघितली, मान डोलवली. "आता काय राहिलं? टेम्पो आणू का?" मी गोठ्याच्या दाराआड उभी होते. आता दादा हो म्हणणार, कबूलच तसं झालं होतं, दूध देती तवर. मला म्हशीपेक्षा मायचं तोंड डोळ्यांपुढं दिसत होतं. ती मेसमधून पोळ्या लाटून परत येणार आणि गोठ्यात नुसता खुंटा.

दादांनी खांद्यावरचा पंचा झटकला. "हिची मालकीण शहरात हाय," ते म्हणाले. "तिला विचारल्याबिगर मला इथला खुंटाबी हलवता येत नाय. तुम्ही या आता."

तेव्हा माझा राग उतरला. मी त्यांच्यासाठी चहा ठेवला.

संध्याकाळी मायचा फोन आला. मी रडत रडत सांगितलं. पलीकडं नुसत्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. मग माय म्हणाली, "कुणी धुतली?"

"दादांनी."

"त्यांनी? सोताच्या हातानं?"

"दोनदा साबण लावून. गोधड्यासुद्धा."

"गोधड्याबी?" आणि माय जी हसायला लागली ती थांबेचना. मेसमधल्या दुसऱ्या बाईला ती हसत हसत सांगत होती, आमच्या ह्यांनी गोधड्या धुतल्या म्हणून, आणि त्या बाईचा विश्वास बसत नव्हता. मी इथं जीव मुठीत धरून उभी आणि हिचं हे चाललेलं. शेवटी ती म्हणाली, फोन म्हशीच्या कानाशी धर. धरला. माय तिकडून "हुर्र, माझी बाय, सोड गं बाय" असं करायला लागली. पाटलिणीनं कान टवकारले, मागं वळून बघितलं, दाराकडं बघितलं, आणि मोठ्यानं हंबरली. पान्हा काही सोडला नाही. पण ते हंबरणं मायनं ऐकलं, आणि पलीकडचं हसणं एकदम बंद झालं.

"साडी दे त्यांच्याकडं," ती म्हणाली. "उद्या पहिल्या गाडीनं इकडं पाठव त्यांना. मी नेसून देते."

माय गेल्यापासून दादा एकदाही शहरात गेले नव्हते. कधी काम असायचं, कधी गुरांकडं कोण बघंल. खरं कारण आम्हा दोघींना माहीत होतं. बायको जिथं पोळ्या लाटते तिथं मागच्या दाराशी जाऊन उभं राहायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. मायनंही कधी या म्हटलं नव्हतं. आता प्रश्न म्हशीचा होता, तेव्हा नाही म्हणायला जागाच उरली नाही. सकाळी त्यांनी दाढी केली, लग्नाकार्याचा सदरा घातला. साडीची घडी पिशवीत ठेवली. आणि चुलीपाशी बसून भाकरी केल्या, त्यातल्या नीट फुगलेल्या निवडून फडक्यात बांधल्या आणि त्याही पिशवीत टाकल्या. आम्हाला उरलेल्या.

त्या रात्री काकू आमच्याकडं झोपायला आल्या. दादा दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. फाट्यापासून उन्हात चालत आलेले, पण चेहरा कसा मोकळा. धाकटीनं विचारलं, "तिथं काय केलं?" म्हणाले, "काय करणार? ती साडी नेसून पोळ्या लाटत होती, मी बसून बटाटे सोलले. पोरं मला काका म्हणत होती. एक पोरगं म्हणलं, काका, तुम्ही नवीन आले का कामाला? मी म्हणलं, व्हय." आणि स्वतःच हसले. भाकरी मायनं कुणाला न देता एकटीनं खाल्ल्या, हेही त्यांनी सांगितलं, पण ते जरा वेळानं, हात-पाय धुता धुता.

आता म्हशीनं काय केलं ते सांगूनच टाकते, उगा कुणाचा जीव टांगणीला नको. तिनं साडी हुंगली, बराच वेळ हुंगली, कारण त्यात मेसच्या फोडणीचा वास मिसळला होता, आणि मग पान्हा सोडला. आटली नाही, विकलीही नाही. परीक्षा संपल्यावर माय आली तेव्हा पाटलिणीनं दावं तोडायचंच बाकी ठेवलं होतं. पुढं कितीतरी वर्षं ती आमच्या गोठ्यात तोऱ्यात राहिली. आणि दादा दर सुट्टीला धुणं धुवायला लागले, प्रत्येक कपडा आधी हातात धरून विचारायचे, हा धुवू का?

पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं, म्हैस हुंगायच्या आधीचं. दादांनी पिशवीतून साडी काढली. वास उडून जाऊ नये म्हणून ती एका प्लास्टिकच्या थैलीत घालून वरून दोन गाठी मारल्या होत्या. गाठी सुटेनात, त्यांनी दातांनी सोडल्या आणि साडी माझ्या हातात दिली. मला ती गुंडाळून गोठ्यात जायचं होतं. मी घडी मोडली आणि वास आला. कणकेचा, लसणाच्या फोडणीचा, आणि त्या सगळ्याच्या खाली मायचा. तिच्या केसांच्या तेलाचा, मानेचा. ती गेल्यापासून मी एकदाही रडले नव्हते, म्हशीसाठी रडले ते सोडून. मी तिथंच गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले आणि साडीत तोंड खुपसलं. धाकटीनं पदराचं टोक ओढलं आणि ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून त्यात शिरली. मायची इतकी आठवण येत होती हे आम्हाला तोवर ठाऊकच नव्हतं. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, आणि मागं पाटलीण दाव्याला हिसके देत होती.

दादा खाकरले आणि म्हणाले, "पुरं आता, पोरींनो. थोडा वास म्हशीलाबी ठिवा."

मी डोळे पुसले ते बाहीनं, साडीला पाणी लागू नये म्हणून, आणि चरवी घेऊन उठले.